नुसती झाडं?

आज मुंबईच्या राणीबागेत एका तरुण बापाचं बोलणं कानावर पडलं, तेव्हापासून डोकं तापलंय. उर्वशीचं झाड ऐन बहरात आहे. लालभडक फुलांचे लोंबते घोस, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. त्याची पोरगी मान वर करून बघत उभी, आणि हा म्हणतो, "चल गं, इथे काही नाही, नुसती झाडं आहेत. पेंग्विनची रांग वाढेल."

नुसती झाडं! अहो, ही बाग मुळात झाडांचीच. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रियरच्या हस्ते उघडली ती वनस्पतिउद्यान म्हणून. तीन कमानींचं प्रवेशद्वार, ससूनचा घड्याळाचा मनोरा, आखीव रस्ते, आणि दोन्ही अंगांना देशोदेशीची झाडं. उर्वशी म्यानमारची, गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. प्राण्यांचा पसारा नंतर वाढला.

माझे वडील गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी आम्हा भावंडांना इथे आणायचे ते आधी गोरखचिंचेपाशी, वाघ मागाहून. "घाला मिठी," म्हणायचे. हातात हात धरून आम्ही सगळी बुंध्याला भिडायचो, तरी बुंधा उरायचाच.

इंग्रजांनी आपल्या राणीच्या नावाने केली, हो, मान्य. पण आवारातल्या १८७२ च्या संग्रहालयामागे नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींची धडपड आहे. आणि ती गोरखचिंच गिरणगावातल्या पोरांचीच होती. चाळीतल्या खोलीत पाय पसरायला जागा नसलेल्यांना एवढी सावली दुसरीकडे कुठे मिळणार होती?

पेंग्विनमुळे गर्दी होते, तिकिटाचे पैसे येतात, तेही खरं. पण काही वर्षांपूर्वी या बागेचं आंतरराष्ट्रीय प्राणिसंग्रहालय करायचा घाट घातला होता, तेव्हा शेकडो जुन्या झाडांवर गदा येणार होती. मुंबईतल्या काही बायका इरेला पेटून लढल्या, म्हणून ती वाचली. त्यांचं नाव आज कोणाला आठवतं?

त्या बापावरचा राग आता ओसरलाय. त्याला कोणी दाखवलंच नसेल. वडिलांना तरी कुठे शास्त्रीय नावं येत होती? कुठलं झाड कधी फुलतं एवढं मात्र पाठ होतं, आणि आमचे हात ते स्वतः बुंध्यावर टेकवायचे.

बुधवारी बाग बंद असते. बाकी कुठल्याही दिवशी पोरांना घेऊन जा, आणि पेंग्विनच्या आधी झाडं दाखवा. कोणाला सोबत हवी असेल तर रविवारी सकाळी मी येते, कमेंटमध्ये सांगा.