५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीबद्दल खुलासा

‘अमेरिकी यादवी युद्धातली पहिली कृष्णवर्णीय पलटण, फोर्ट वॅग्नरवर एकही सैनिक वाचला नाही’ असा मजकूर फिरतोय (फोर्ट वॅग्नर म्हणजे साउथ कॅरोलायनातला, दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा किल्ला). मीही तो गेल्या आठवड्यात पुढे पाठवला होता. चूक माझी.

ही स्वयंसेवक पलटण १८६३ मध्ये उभी राहिली. त्याआधीच, ऑक्टोबर १८६२ मध्ये, कॅन्सासची कृष्णवर्णीय पलटण मिसुरीत लढली होती.

फोर्ट वॅग्नरवरच्या १८ जुलै १८६३ च्या हल्ल्यात या पलटणीचे सुमारे ६०० जण होते. मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदी मिळून आकडा २७० च्या आसपास. पलटणीचे प्रमुख कर्नल शॉ मात्र तिथेच मारले गेले. पलटणीतला लुईस, म्हणजे गुलामगिरीविरोधी कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लसचा मुलगा, वाचला. दोनच दिवसांनी त्याने वाग्दत्त वधूला पत्र लिहिलं: तोफगोळा फुटला की वीस फूट जागा रिकामी व्हायची, आणि माणसं पुन्हा रांग सांधायची. फेब्रुवारी १८६४ मध्ये हीच पलटण फ्लोरिडात ऑलस्टीला लढली. सगळे मेले असते तर कोण लढलं?

(गोऱ्यांपेक्षा कमी पगार नको म्हणून त्यांनी वर्षभराहून जास्त काळ पगारच घेतला नाही. तो किस्सा मात्र खरा.)

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.