ठिपका हलला पाहिजे

पुण्याच्या ऑफिसात आमच्या सरांच्या टेबलावर एक स्क्रीन असते, स्क्रीनवर विदर्भाचा नकाशा असतो आणि त्या नकाशावर मी असतो. हिरवा असलो म्हणजे हलतोय, पिवळा असलो म्हणजे थांबलोय आणि लाल झालो म्हणजे फोन बंद करून कुठंतरी कंपनीला बुडवतोय. सरांनी मला समोरासमोर फारसं पाहिलेलं नाही. पण माझा ठिपका त्यांना तोंडपाठ आहे.

मी बियाणं-औषधाच्या कंपनीचा फिल्डवाला. घर देवळी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठाला. नदीच्या अलीकडची वर्धा जिल्ह्यातली आणि पलीकडची यवतमाळ जिल्ह्यातली गावं माझ्या वाट्याला. पूर्वी यासाठी डायरी होती. शनिवारी रात्री जेवण झालं की एका बैठकीत आठवडा लिहून काढायचा, ही साऱ्या फिल्डवाल्यांची रीत. ती सरांनाही ठाऊक होती, कारण सरही कधीकाळी फिल्डवरच होते. मग डायरी गेली आणि ॲप आलं. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, लोकेशनची कायम परवानगी देता का? ‘नाही’ म्हटलं तर हजेरी नाही, हजेरी नाही तर पगार नाही. असा प्रश्न विचारायला एरवी धाडस लागतं.

हजेरी लावायची म्हणजे कृषी केंद्राच्या शंभर मीटरच्या आत उभं राहून बटण दाबायचं. ऐकायला सोपं आहे. पण ही केंद्रं नकाशावर माझ्या आधीच्या गड्यानं टाचलेली. त्याला जिथं सावली मिळाली तिथं उभं राहून त्यानं ती टाचली आणि नोकरी सोडून तो मोकळा झाला. एका गावातलं केंद्र बस स्टॉपला आहे आणि ॲपच्या मते ते गावाच्या पार मागच्या बाजूला, एका गोठ्यात आहे. त्यामुळे त्या गावात गेलो की आधी गोठ्यात जातो, हात वर करून रेंज शोधतो, हजेरी लावतो आणि मग दुकानात येतो. गोठ्याच्या मालकीणबाईंनी सुरुवातीला खूप दिवस नुसतं पाहिलं. मग एकदा शेणाची टोपली खाली ठेवून विचारलंच.

“काय पाहून रायले भाऊ? म्हैस घ्याची हाय काय?”

“नाही हो काकू, हजेरी लावून रायलो.”

“आमच्या म्हशीपाशी?”

यावर काय बोलणार? पत्ता दुरुस्त करण्यासाठी मी अर्ज केला. उत्तर आलं की दुरुस्तीसाठी आधी त्या ठिकाणी हजेरी लागलेली असावी. ती लागलेली होतीच, गोठ्यात. म्हणून ॲपनं गोठाच कायम केला.

यात बिचाऱ्या उपग्रहांचा दोष नाही. ते जमिनीपासून वीस हजार किलोमीटर वर फिरतात, प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ असतं आणि माझी जागा ठरवायला निदान चौघांची साक्ष लागते. एवढा कडक पंचनामा आमच्या तलाठ्यानंही गारपिटीचा केला नाही. उघड्या आभाळाखाली साधा फोनसुद्धा पाच-सात मीटरच्या आत माणूस गाठतो. पूर्वी असं नव्हतं. अमेरिकेचं सैन्य सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवायचं, जागा शंभरेक मीटरनं इकडेतिकडे दिसायची. ती चूक काढून टाकण्याची घोषणा क्लिंटनसाहेबांनी २००० साली केली. तारीख कोणती, तर १ मे. जगातल्या कामगारांना कामगार दिनाची याहून चोख भेट कुणी दिली नसेल. ती शंभर मीटरची चूक राहू दिली असती तर आज आम्ही पानठेल्यावर असताना दुकानात असतो आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं.

खरी अडचण जागेची नाहीच, बसण्याची आहे. वीस मिनिटं ठिपका हलला नाही की ॲप किंचाळतं, ‘आपण निष्क्रिय आहात.’ आता आमच्याकडे शेतकऱ्याशी बोलायचं म्हणजे बसावंच लागतं. उभ्या माणसाशी इकडे कुणी कामाचं बोलत नाही. उभा माणूस म्हणजे वसुलीवाला नाही तर मतं मागायला आलेला. पारावर बसलं की आधी पावसाचं निघतं, मग सोसायटीच्या कर्जाचं, मग कुणाच्या पोरीला पाहायला कोण आलं आणि काय नावं ठेवून गेलं त्याचं. तासाभरानं कुणीतरी खिशातून पऱ्हाटीचं बोंड काढतो, नखानं फोडतो, आत गुलाबी अळी वळवळताना दाखवतो आणि म्हणतो, “याले काय मारू?” म्हणजे माझं काम सुरू होतं एक तासानंतर आणि ॲपच्या हिशेबानं मी मेलेलो असतो विसाव्या मिनिटाला.

हे बसणं चैनीचं नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाच्या डोक्यापर्यंत आलेली पऱ्हाटी, तोंडावर येणारा वारा, अंगावर साधी बनियान आणि दोन-तीन औषधांचं एकत्र कालवण. ज्या माणसानं आयुष्यभर उघड्या हातानं फवारलं त्याला हातमोजे घालायला सांगायचं, तर वीस मिनिटांत तो फक्त तुमच्या मोज्यांकडे पाहून हसतो. दीड तास बसलं तर एखाद्या वेळी घालतो.

तर पलीकडच्या काठाच्या एका गावात एक जुने काश्तकार आहेत, सारे त्यांना बुवा म्हणतात. त्यांच्याशी बोलताना फोन किंचाळला की मी उठायचो, मारुतीच्या देवळाला एक चक्कर मारायचो आणि परत येऊन बसायचो. दोन-तीन चकरा झाल्यावर बुवांनी काळजीनं विचारलं,

“भाऊ, पोट बिघडलं काय? ओवा आणू?”

“पोट चांगलं हाय बुवा. बसलो का कंपनी म्हणते काम बंद.”

“मंग उभं राहून बोल.”

“उभं राहूनही नाही चालत. चालाव लागते.”

“चालाले आमी बैल ठेवले ना, बाप्पा!”

तिकडे देवळापाशी बायकांत निराळीच चर्चा. “मारुतीले लोकं शनवारी फेऱ्या घालतेत, हा बुधवारी काहून घालून रायला?” एकीनं निकाल दिला की नवस असंन. पुढच्या खेपेला तिनं मला थांबवून ‘होईन सारं चांगलं’ असा आशीर्वाद दिला. मी वाकून नमस्कार केला. नवस कंपनीचा होता हे तिला कशाला सांगा?

बसण्याचं असं, तर फिरण्याचं वेगळंच. पेट्रोलचा भत्ता ॲप काढतं, आणि दोन हजेऱ्यांमधलं अंतर ते सरळ रेषेत मोजतं. माझ्या दोन गावांच्या मधून वर्धा नदी जाते. पावसाळ्यात तिचं पात्र पाहिलेला माणूस सरळ रेषेचं नाव काढणार नाही. मी पुलापर्यंत जातो, पूल ओलांडतो आणि तेवढाच उलटा परत येतो. कंपनी मला नदीवरून उडत गेल्याचे पैसे देते. तक्रार केली तर सर म्हणाले, “सिस्टीममध्ये नदी नाहीये.” खरं आहे. पुण्यातून दिसत नसेल.

रात्री तर हीच नदी जिवावर उठते. आमच्या घरावर टिनाचं छत. टिनाखाली उपग्रह दिसेनासे होतात, मग फोन जवळचा टॉवर धरून अंदाजपंचे जागा सांगतो आणि रात्री त्याला नेमका पलीकडच्या काठाचा टॉवर भेटतो. ज्यांना भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, यवतमाळ जिल्ह्यात नाही. रात्री अकराला वर्ध्याचा माणूस पुलापलीकडे कशाला जातो हे इकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सरांनाही कुणीतरी ते समजावलं असावं. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो आणि फोन सौभाग्यवतींनी उचलला, तोही स्पीकरवर. “काल रात्री अकरा ते पहाटे पाच तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात काय करत होतात?” सर विचारत होते. ती रात्रभर शेजारीच झोपलेली. तरी तिनं क्षणभर माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शंका आली.

तसं या दुखण्यात मी एकटा नाही. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. रोजगार हमीच्या कामावर तर २०२३ च्या १ जानेवारीपासून मोबाइलवरची हजेरी सक्तीची झाली, मजुरांचे दिवसातून दोनदा जागेसकट फोटो. आमच्या गावच्या पांदणीच्या कामावर दुपारी रेंज गेली की ग्रामरोजगार सेवक फोन घेऊन बाभळीखाली, धुऱ्यावर, टेकाडावर पळतो आणि त्याच्या मागं फोटोसाठी सारा मजूरवर्ग पळतो. खड्डा तिथंच राहतो. देशात कुठंकुठं तर फोटोचाच फोटो काढून चढवला गेला. २०२५ मध्ये दिल्लीहून त्याची दखल घेणारं परिपत्रकच निघालं. माणसाला ठिपका केलं की माणूसही ठिपक्यासारखंच वागायला शिकतो.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, पण त्यातच नोकरीच्या कारणासाठी मालकाला तुमची माहिती संमतीशिवाय वापरायची वाट ठेवली आहे. कॅलिफोर्नियातल्या एका विक्री प्रतिनिधी बाईनं २०१५ मध्ये दावा लावला होता. चोवीस तास पत्ता सांगणारं ॲप तिनं फोनमधून काढलं आणि कंपनीनं तिला नोकरीतून काढलं, असं तिचं म्हणणं. त्या ॲपला ती कैद्याच्या पायातलं कडं म्हणायची. मी हे घरी सांगितलं तर माय म्हणाली, “तुयं कडं तं मंग तूच चार्ज करतं!”

यंदा पोळा आला. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, पुरणपोळी चारतात. ॲपला पोळा माहीत नाही. बैल गोठ्यात आरामात आणि मी मोटारसायकलवर. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, पोरांचा. लाकडी नंदीला चाकं लावून, झूल-बाशिंग घालून पोरं दारोदार फिरतात आणि बोजारा मागतात. सकाळपासून माझं अंग मोडून आलेलं. ॲप विसाव्या मिनिटाला किंचाळलं, चाळिसाव्याला किंचाळलं. माझा मुलगा नंदी घेऊन निघत होता. तो थांबला, माझ्या हातातून फोन घेतला आणि केसांना लावायच्या रबरानं नंदीच्या झुलीखाली बांधून टाकला.

मी पांघरूण ओढलं.

नंदीनं त्या दिवशी आमचं गाव घर न् घर पिंजून काढलं. प्रत्येक दारात थांबला, ओवाळून घेतलं, नाणं घेतलं आणि पुढं गेला. मग पोरांनी शेजारचं गावही धरलं. ठिपका दिवसभर हिरवागार. संध्याकाळी सरांचा संदेश ग्रुपवर सगळ्यांसाठी, टाळ्यांच्या चित्रांसकट: ‘याला म्हणतात डोअर टू डोअर! बाकीच्यांनी शिकावं.’

एवढ्यावर भागलं असतं. पण सरांना ते मॉडेल प्रत्यक्ष पाहायचं होतं. आठवड्यानं ते गाडी घेऊन आले. मी त्यांना मुद्दाम नदीपलीकडे बुवांच्या पारावर नेलं. सर आधी उभे होते. बुवांनी सतरंजी झटकली, “बसा सायेब” म्हटलं, सर बसले. पाऊस झाला, सोसायटी झाली, बुवांच्या नातीचं जमत आलेलं लग्न झालं. सर चांगले रंगले. पुण्यात त्यांना असं कुणी बसवत नसावं. बुवांनी बोंड काढून नख लावलं आणि तेवढ्यात फोन किंचाळला.

मी सवयीनं उठलो. माझा फोन गप्प होता. सरांच्या शर्टाच्या खिशात दिवा लागला होता. सरांनी स्क्रीन पाहिली, घाईघाईनं चपला शोधल्या आणि हैदराबादच्या मोठ्या सरांचं नाव पुटपुटत मारुतीच्या देवळाकडे चालू लागले.

बुवा त्यांच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी हाक मारली.

“ओ सायेब! आमच्या नातवापाशी नंदी हाय. पाठवू काय?”