शत्रुपक्षाची कैफियत

गेल्या रविवारी देवगिरीच्या किल्ल्यावर मी पकडला गेलो. पकडल्याचे छायाचित्र सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आहे. तिथून ते मेहुण्याकडे, मेहुण्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून तिच्या माहेरच्या 42 माणसांकडे पोहोचले आहे. त्यात मी एका काळ्या कातळाच्या कोनाड्यात गुडघे टेकून, दोन्ही हात वर करून आणि डोळे घट्ट मिटून बसलेला दिसतो. खाली ‘शत्रू सापडला’ असे लिहिले आहे. डोळे फ्लॅशमुळे मिटले होते, हे मी आतापर्यंत निदान सहा जणांना सांगितले. एकानेही ते मनावर घेतलेले नाही.

झाले ते असे. छत्रपती संभाजीनगरला मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत शनिवारी आटोपली, आणि रविवारी उरलेले पाहुणे दिवसभर घराबाहेर असावेत या उदात्त हेतूने त्याने सहलीच्या बसमध्ये माझ्यासाठी एक जागा परस्पर ठरवून टाकली. पत्रकावर ‘देवगिरी किल्ला, मध्ययुगीन खुलताबाद शहर, मलिक अंबरची कबर, तज्ज्ञ मार्गदर्शक, गडावर अल्पोपहार’ असे छापले होते. मी भुललो तो मलिक अंबरला. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी माणूस निजामशाहीचा सूत्रधार होतो, मोगलांच्या फौजांना वर्षानुवर्षे दमवतो, 1610 साली खडकी नावाचे शहर वसवतो आणि जमिनीखालच्या नहरींतून त्या शहरात पाणी खेळवतो; आणि त्याच शहरातल्या मेहुण्याच्या नव्या घरी मी दोन दिवस यथेच्छ आंघोळी केल्या असताना त्या माणसाच्या कबरीपाशी पाच मिनिटे उभे राहायला नको का? एवढीच माझी अपेक्षा होती. ती लक्षात असू द्यावी, कारण माझी मूळ तक्रार तीच आहे आणि बाकीचे सगळे तिच्या वाटेत झाले.

तज्ज्ञ मार्गदर्शक 28 वर्षांचा, उत्साहाने फुटू पाहणारा मुलगा होता. इतिहास वाचायचा नसतो, जगायचा असतो, असे त्याचे मत असल्याने बस महाकोटाच्या दरवाजापाशी थांबताच त्याने प्रवाशांना भूमिका वाटायला सुरुवात केली. एका बँक अधिकाऱ्यांना त्याने रामदेवराय यादव केले, त्यांच्या पत्नीला राणी केले आणि महाविद्यालयातल्या चार मुलांना सांगितले, ‘तुम्ही मावळे.’ इथे मी तोंड उघडले. मावळे शिवकालातले, आणि आपण उभे आहोत ते तेराव्या शतकातल्या यादवांच्या दारात, एवढेच मी म्हणालो, तेही हळू आवाजात. त्या मुलाने माझ्याकडे अत्यंत प्रेमळपणे पाहिले आणि ध्वनिवर्धकावरून जाहीर केले, ‘काका विरोधात आहेत. काका, तुम्ही शत्रू.’

‘पण नेमका कोणाचा?’ मी विचारले. प्रश्न वाजवी होता. या किल्ल्यावर यादव होते, मग खिलजी आले, तुघलक आले, बहमनी आले, निजामशाही आली, 1633 साली मोगल आले आणि पुढे हैदराबादचे निजाम आले. इथे काल जो खंदकाबाहेर शत्रू होता तोच उद्या आत बसून दरवाजे दुरुस्त करून घेत होता, त्यामुळे शत्रूचे पद इथे कायमचे कधीच नव्हते.

‘सगळ्यांचा,’ मार्गदर्शक म्हणाला.

तिथून पुढे मला रजा मिळाली नाही. दरवाजाच्या फळ्यांवर हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे दाखवताना शत्रूला कपाळ पुढे करायला सांगण्यात आले. मेंढा तोफेपाशी शत्रूला तोफेच्या तोंडासमोर, फार नाही, वीस पावलांवर उभे करण्यात आले. चांद मिनारापाशी मी जरा टेकलो तर ‘शत्रूने छावणी टाकली’ असा पुकारा झाला. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा, तानाशहा, 1687 नंतर औरंगजेबाच्या कैदेत मरेपर्यंत राहिला होता, हे मात्र त्या मुलाने एका वाक्यात उरकले. मला तिथे थोडा वेळ थांबायचे होते, कारण सकाळपासून त्या माणसाशी माझे सूत जुळू लागले होते.

आणि मग अंधेरी आली. अंधेरी म्हणजे अखंड कातळ पोखरून काढलेला, वर चढत जाणारा, नागमोडी बोगदा. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या, छत काही जागी मुद्दाम ठेंगणे, आणि एके ठिकाणी उजेडाचा असा एक झरोका की सुटलो म्हणून तिकडे धावणारा माणूस थेट खंदकात जावा. वटवाघळांच्या विष्ठेचा वास नाकातून डोळ्यांत जातो. बोगद्याच्या तोंडाशी मार्गदर्शकाने 37 माणसे थांबवली आणि म्हणाला, ‘आता शत्रू एकटा आत शिरणार आणि वर आपली शिबंदी दबा धरून बसणार. शिबंदीत कोण येतं?’

जालन्याच्या एका मावशींनी हात वर केला. वय साठीच्या पुढे, नऊवारीखाली पांढरे बूट, खांद्याला पिशवी, आणि चेहऱ्यावर 26 वर्षे खानावळ चालवलेल्या बाईचा तो स्थिर, कोणालाही उधार न देणारा भाव.

‘मावशी, शत्रू खाली आला की तुम्ही वरून उकळतं तेल ओतायचं.’

मावशींनी पदर खोचला आणि विचारले, ‘कुठलं तेल?’

‘उकळतं, मावशी.’

‘ते कळलं रे बाळा. करडईचं का शेंगदाण्याचं?’

मार्गदर्शकाला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नसावा. तो म्हणाला, ‘शेंगदाण्याचं असेल.’ मला राहवले नाही. भुईमूग मूळचा अमेरिकेतला, तो त्या काळी आपल्याकडे पोहोचलेलाच नव्हता, असे मी सांगितले. ‘काका, शत्रूने बोलायचं नसतं,’ तो म्हणाला.

‘भाऊ म्हणतात ते बरोबर असंल,’ मावशी म्हणाल्या. ‘मग करडई धर, नाहीतर तीळ. आणि किती ओतायचं?’

‘एक मोठी कढई.’

‘कढईनं काय होतंय? हा दगड बघ कसा गार आहे. कढईभर तेल वरून खाली येईस्तोवर कोमट होऊन जाईल, त्यानं शत्रूचं अंग मऊ होईल, दुसरं काही नाही. पोळायला पाहिजे असंल तर डेग लागंल, म्हणजे 15 किलोचे चार डबे. बैलाच्या घाण्यावर चार डबे तेल पडायला किती दिवस लागतात, आहे काही अंदाज? आणि डेग तापवायला जळण? एवढ्या उंचावर मोळ्या चढवणार कोण?’

‘मावशी, त्या काळी माणसं होती...’

‘माणसं होती तर त्यांना जेवायला घालावं लागत असंल. मग तेच तेल फोडणीला का नाही वापरायचं?’ मावशींचा आवाज आता चढला होता आणि 36 माणसे मान डोलावत होती. ‘आणि मी विचारते, ओतलं समज. पायऱ्यांवर तेलच तेल. मग आपली माणसं खाली उतरणार कशी? घसरून पडली तर? एवढं सगळं धुणार कोण?’

बँकेचे रामदेवराय म्हणाले, ‘खर्चाचा मुद्दा बरोबर आहे.’ राणीसाहेबांनी आपल्याकडे तळण काढल्यावर ओटा पुसायला किती वेळ लागतो ते शेजारणीला सांगायला सुरुवात केली. मार्गदर्शकाने शेवटचा प्रयत्न म्हणून सांगितले की शत्रू चालून आल्यावर कोणी हिशोब करत बसत नाही.

‘हिशोब आधीच करावा लागतो,’ मावशी म्हणाल्या. ‘किती पान होणार ते कळल्याशिवाय मी कधी चूल पेटवली नाही. शत्रू किती येणार आहेत?’

‘आत्ता एकच आहे,’ मार्गदर्शकाने माझ्याकडे बोट दाखवले.

मावशी वळल्या. सगळेच वळले. मावशींनी मला आधी डोक्यापासून पायापर्यंत आणि मग पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. मंडईत शेवटी उरलेल्या भाजीकडे बाई पाहते, घ्यावी की नाही याबद्दल मनात काही संशय नसताना केवळ रीत म्हणून पाहते, तसे.

‘ह्या एका माणसासाठी तेल कशाला जाळायचं?’ त्या म्हणाल्या. ‘मिरच्यांची धुरी दिली तरी बास होईल.’

मिरचीही अमेरिकेतूनच आली, हे मला तेव्हा सांगता आले असते. पण ज्या माणसाची किंमत नुकतीच भर चारचौघांत चार डब्यांवरून मूठभर मिरच्यांवर आली आहे, त्याने वनस्पतिशास्त्र काढू नये. शिवाय मला याहून मोठी बोच लागली होती. अंधेरीच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असायचे, त्यावर जाळ करायचा आणि धूर खाली बोगद्यात कोंडायचा, अशी तिथली खरोखरीची व्यवस्था होती. म्हणजे ज्यांनी हा किल्ला कोरला त्यांचा आणि जालन्याच्या मावशींचा हिशोब तंतोतंत जुळत होता. माझा अपमान शास्त्रशुद्ध होता.

मोबाइलचा दिवा बंद करून मला आत पाठवण्यात आले. चौदाव्या शतकात इब्न बतूता या भागात येऊन गेला. या किल्ल्याच्या तळघरांत कैदी ठेवतात आणि तिथले उंदीर इतके मोठे आहेत की मांजरे त्यांना भिऊन पळतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे मला सहलीच्या आदल्या रात्री वाचायची गरज नव्हती. दहाव्या पायरीवर काहीतरी कानाजवळून फडफडत गेले, मी वाकलो, पुढची पायरी होती त्याहून दीड वीत उंच निघाली, माझे गुडघे टेकले, हात आपोआप वर गेले आणि वरून लख्ख उजेड पडला. बाकीचे आपल्याला ठाऊक आहेच.

वर बारादरीपर्यंत जायला पायऱ्या पुष्कळ आहेत. आम्ही अर्ध्यावर अल्पोपहारासाठी थांबलो, आणि अल्पोपहार म्हणजे प्रत्येकी एक पुडी खारे शेंगदाणे होते. यावर मार्गदर्शकाला, योगायोगाने म्हणा, मिठाची गोष्ट आठवली. 1296 साली अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर आला तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य सैन्य घेऊन बाहेर होता. रामदेवरायांनी घाईघाईने किल्ल्यात धान्याची म्हणून पोती भरून घेतली, आणि वेढा पडल्यावर ती उघडली तर आत मीठ निघाले, असे सांगतात. राजाला तह करावा लागला.

‘घेताना पोत्यात सळई खुपसून बघायची ना,’ मावशी पुडी फोडत म्हणाल्या. ‘मी कधी न बघता पोतं उतरवून घेतलं नाही.’

मला मात्र या गोष्टीतून माझे स्वतःचे समर्थन सापडले होते आणि ते मांडायची मला कोणी संधी दिली नाही. हा एवढा तुळतुळीत तासलेला कडा, हा खंदक, ही अंधेरी, हे खिळे. आणि त्या वेळी किल्ला नमला तो उपाशी राहिल्यामुळे. खरा शत्रू अंधेरीत शिरलाच नाही. तो खाली सावलीत बसून राहिला. मला शत्रूच करायचे होते तर इतिहासाला धरून बसमध्ये बसू द्यायला हवे होते.

खाली उतरल्यावर बस खुलताबादला जायची ती एका कापडाच्या दुकानापाशी थांबली. दहा मिनिटे, असे सांगितले होते. एक तास दहा मिनिटे गेली. हिमरू शालींच्या घड्या आमच्या मांडीवर उलगडल्या गेल्या, फुकट चहा आला, ‘घेऊ नका, नुसतं बघा’ असे प्रत्येकाला चारदा सांगण्यात आले, आणि मार्गदर्शक गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर घरच्यासारखा बसला होता. या दुकानांशी सहलवाल्यांचे काय ठरलेले असते ते सर्वांना ठाऊक असते आणि तरीही बसमधून कोणी हूं की चूं करत नाही, मीही केले नाही. पैसे देऊन आलेली 37 शहाणीसुरती माणसे स्वतःचा वेळ दुसऱ्याला विकू देतात, वर चहाबद्दल आभार मानतात. सबंध दिवसात लढण्यासारखी एकच जागा होती आणि तिथे शत्रू शालीच्या काठावरून बोट फिरवत बसला होता.

साडेपाचला बस खुलताबादच्या वेशीवरून गेली. ‘उजवीकडे मध्ययुगीन शहर खुलताबाद,’ मार्गदर्शक म्हणाला. मी डावीकडे बसलो होतो. उजवीकडच्या खिडकीत मावशी झोपल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरून मला एक घुमट, एक कमान आणि अंजिरांच्या टोपल्या घेऊन बसलेले दोन विक्रेते दिसले. मलिक अंबरची कबर कुठे आहे, असे मी ओरडून विचारले. ‘मागे गेली, काका,’ तो म्हणाला. ‘वेळ नाही. शत्रूने किल्ल्यावर फार वेळ घेतला.’ बस हसली. माझ्याही चेहऱ्यावर हसू आले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

काल रात्री सहलीच्या गटावर मावशींचा आवाजी निरोप आला. त्यांनी जालन्यात एका जुन्या तेल्याकडे चौकशी केली होती. करडईचे तेल चांगले तापवून, बारीक धारेने, नेमके डोक्यावर सोडले तर फार लागत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. ‘त्या पुण्याच्या भाऊंना सांगा,’ मावशी म्हणत होत्या, ‘मी त्या दिवशी उगीच बोलले. त्यांच्यासाठी दोन लिटर तेल घालायला हरकत नाही.’

मी तो निरोप तीनदा ऐकला आणि मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायकोने पूर्ण ऐकून घेतला.

‘दोन लिटर?’ ती म्हणाली. ‘आपल्याला तेवढं पंधरा दिवस पुरतं.’