बोट ही श्रीमंतांची चैन नव्हती

‘बोटीने विलायतेला जाणं ही श्रीमंतांची चैन होती’ हे मुंबईहून युरोपच्या बोटप्रवासावर तुम्ही छापलेल्या लेखातलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. 1962 साली वडिलांच्या शिक्षणासाठी आम्ही लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीच्या ‘एशिया’ बोटीने निघालो, ते विमान परवडत नव्हतं म्हणून! टूरिस्ट क्लासात आमच्यासारखीच माणसं होती: विद्यार्थी, नर्सेस, नवऱ्याकडे निघालेल्या बायका. इटलीत उतरून पुढे लंडनपर्यंत आगगाडी. मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्यावर आजी पदराने डोळे पुसत होती, ते अजून दिसतं.

आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्राला जोडणाऱ्या सुएझ कालव्याचा लेखात उल्लेखच नाही? प्रवासाचा प्राण तो! दोन्ही बाजूंना वाळू आणि मधून आपली पांढरीशुभ्र बोट चालण्याच्या वेगाने सरकतेय. कालव्याच्या टोकाच्या पोर्ट सैद बंदरात होडीवाले दोरीने टोपल्या वर पाठवायचे, जादूगार बाहीतून कोंबडीची पिल्लं काढायचा. जेवणात रोज मैद्याच्या शेवया बघून आई रडकुंडीला यायची, तिने बांधून घेतलेले डिंकाचे लाडू एडनपर्यंतच पुरले. जून 1967 मध्ये कालवा बंद झाला तो थेट 1975 पर्यंत, म्हणजे बोटींना आफ्रिकेला वळसा. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटींचं कंबरडं मोडलं ते विमानांइतकंच या बंदीनेही. लेखात हे यायला हवं होतं.