टॅब बंद, तरी टिक 'हो'वरच?

काल आमच्या आरोग्य उपकेंद्राचं डिजिटल मॅच्युरिटीचं, म्हणजे कामकाज किती ऑनलाइन झालंय याचं, मूल्यांकन झालं. टॅब आहे का? हो. इंटरनेट आहे का? मी म्हटलं माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट आहे, रिचार्ज मी मारते, तर तपासायला आलेले म्हणे, म्हणजे आहे ना, आणि हो वर टिक. अहो टॅबची बॅटरी फुगलीय, कपाटात पडलाय, सगळी एन्ट्री माझ्या स्वतःच्या फोनवरून होते! तर म्हणे सिस्टर, बंद आहे असा ऑप्शनच नाहीये. मग खोटं लिहायचं? लिहिलं त्यांनी. फोटो काढला आणि गेले.

संताप जातच नाहीये. ज्यांनी हे प्रश्न काढले त्यांनी पावसाळ्यात रेंज नसलेल्या वाडीवर एकदा एस फॉर्म (लक्षणांवरून संशयित रुग्णांची नोंद) भरून दाखवावा. २००४ ला आयडीएसपी (साथरोगांवर नजर ठेवायचा सरकारी कार्यक्रम) आलं, कागदावर आठवड्याला रिपोर्ट जायचा. एप्रिल २०२१ पासून त्यासाठी आयएचआयपी पोर्टल, १८ चे ३३ आजार, सगळं ऑनलाइन. मला ते हवंच आहे, गावात ताप वाढला तर त्याच दिवशी वर कळायलाच पाहिजे. पण मग रजिस्टर पण का लिहायचं? टीबीचा पेशंट निक्षयवर, बीपी-शुगर एनसीडी पोर्टलवर, गरोदर बाई आरसीएचवर, तिच्या बाळाची लस यू-विनवर आणि महिनाअखेरीला परत एचएमआयएसच्या मासिक रिपोर्टसाठी बेरजा. आभाचा (आरोग्य ओळख क्रमांकाचा) ओटीपी मुंबईला असलेल्या मुलाच्या फोनवर, तो कामावर, म्हातारी माझ्यासमोर ताटकळत. आणि ग्रुपवर मात्र पेंडिंगच्या यादीत नाव माझं!

सगळ्यात चीड याची येते की एवढं वर पाठवतो, खाली काहीच येत नाही. एका वाडीत जुलाबाचे पेशंट वाढत होते, मी रोज भरत होते, वरून साधा फोन नाही. शेवटी आशाताईंनी सांगितलं की ही सगळी घरं एकाच विहिरीचं पाणी पितात, मग ग्रामपंचायतीच्या मागे लागून विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) टाकून घेतलं. विचारा ना हे. भरलेल्या माहितीवर कोणी काय केलं, किती दिवसांनी केलं, सिस्टरला उलट कळवलं का? यातला एक प्रश्न नव्हता. म्हटलं निदान शेऱ्यात लिहा, तर म्हणे तो कॉलम भरला नाही तरी चालतं, सोडून द्या.

सोडणार नाहीये. या महिन्याच्या मीटिंगला हेच प्रश्न टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांना लेखी देणार आहे, बाकीच्या सिस्टरांनी पण द्या.