खुलासा : चंद्रग्रहण १८ वर्षांनी परत येतं, पण जसंच्या तसं नाही

‘७ सप्टेंबर २०२५चं खग्रास चंद्रग्रहण बरोबर १८ वर्षांनी, त्याच तारखेला, आपल्याकडे पुन्हा तसंच दिसेल’ असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तो अर्धवट खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा.

ग्रहणांचं सारोस चक्र, म्हणजे ठरावीक काळाने जवळपास तसंच ग्रहण परत येण्याची मालिका, खरंच आहे. बॅबिलोनच्या ज्योतिर्विदांनाही ते ठाऊक होतं. पण त्याची लांबी आहे १८ वर्षं, १० किंवा ११ दिवस (मध्ये लीप वर्षं किती येतात त्यावर) आणि जवळपास ८ तास. सगळी गोम या ८ तासांत आहे. तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती एक तृतीयांश फिरते आणि ग्रहण दिसणारा प्रदेशच बदलतो.

याच मालिकेतलं आधीचं ग्रहण २८ ऑगस्ट २००७ला झालं. त्याचा मध्य भारतीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास होता. महाराष्ट्रात चंद्र उगवेपर्यंत गडद सावली त्याच्यावरून सरकूनही गेली होती! पुढचं १९ सप्टेंबर २०४३ला. तेव्हा ग्रहण लागलेला चंद्र आपल्याकडे पहाटे, खग्रास होण्याआधीच मावळेल.

आपल्याकडे २०२५सारखंच रात्री दिसलेलं या मालिकेतलं ग्रहण हवं असेल, तर तीन सारोस (८ तास तीनदा, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती पुन्हा पूर्ण फिरते), म्हणजे सुमारे ५४ वर्षं मागे जावं लागतं : ६ ऑगस्ट १९७१ची रात्र, मध्यरात्रीनंतर (७ ऑगस्ट लागल्यावर).

तेही हुबेहूब नव्हतं. १९७१ला खग्रास स्थिती ९९ मिनिटं टिकली, २०२५ला ८२. चंद्र दर वेळी सावलीच्या मध्यापासून थोडा दूर सरकतोय. १३०४ साली सुरू झालेल्या या मालिकेतलं शेवटचं खग्रास ग्रहण २०९७ला होईल.