कावळा, फांदी आणि व्हर्मीर

माझ्या मुलीच्या पाचवीच्या वर्गाला या सत्रात ब्लू बॅलिएट यांची ‘चेसिंग व्हर्मीर’ ही कादंबरी अभ्यासाला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेली ही रहस्यकथा आम्ही राहतो त्या शिकागोतच, विद्यापीठालगतच्या हाइड पार्क भागात घडते, आणि तिच्यातल्या कॅल्डर पिल्ले या मुलाचे वडील मूळचे भारतातले असल्यामुळे आमच्या घरी तिचे स्वागत जरा जास्तच थाटात झाले. शाळेतून आलेला प्रश्नसंच पाहिला आणि माझा उत्साह मावळला. नवे शब्द आणि त्यांचे अर्थ, पात्रांचे स्वभाव, घटनाक्रम लावा, गाळलेल्या जागा भरा. हे प्रश्न कोणत्याही पुस्तकाला लावता येतील, आणि या पुस्तकाशी त्यांचे काहीच देणेघेणे नाही, हे माझे ठाम मत आहे.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी, रहस्य न फोडता, थोडक्यात सांगते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतून शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे निघालेले, सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचे ‘अ लेडी रायटिंग’ हे चित्र वाटेतच नाहीसे होते आणि चोर वर्तमानपत्रांना पत्रे लिहून कळवतो की, व्हर्मीरच्या नावावर खपणारी काही चित्रे त्याची नाहीतच. लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि तज्ज्ञांना जाब विचारावा. कॅल्डर आणि पेट्रा ही दोन मुले या चोरीच्या मागे लागतात. कॅल्डरच्या खिशात पेंटोमिनोचे, म्हणजे पाच-पाच चौरस जोडून केलेल्या आकारांच्या कोड्याचे, १२ तुकडे असतात, तर पेट्राच्या हाती चार्ल्स फोर्टचे ‘लो!’ हे १९३१ सालचे पुस्तक लागते. या फोर्टने आयुष्यातली कित्येक वर्षे ग्रंथालयांत बसून जुन्या नियतकालिकांतून बेडकांचा पाऊस, अचानक गायब झालेली माणसे अशा विज्ञानाने बाजूला टाकलेल्या बातम्या जमवल्या होत्या.

आता माझी खरी तक्रार, आणि ती शाळेपेक्षा थोडी पुस्तकाशीही आहे. कादंबरीत योगायोगांची रेलचेल आहे. १२ हा आकडा पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, स्वप्ने खरी ठरतात, आणि मुले या खुणांच्या मागे गेली की त्यांना वाट सापडते. आपल्याकडे अशा प्रसंगी कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे म्हणून माणूस मोकळा होतो; संस्कृत पंडितांनी तर त्याला काकतालीय न्याय असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. माझ्या मुलीला मात्र पुस्तक वाचता वाचता घरभर १२ दिसू लागले. मी तिला वही दिली आणि आठवडाभर दिसतील तितके १२ टिपायला सांगितले. दुधाच्या डब्यावरची तारीख, शेजाऱ्यांच्या गाडीची पाटी, मायक्रोवेव्हचे घड्याळ, असे १९ भरले. दुसऱ्या आठवड्यात त्याच वहीत ७ टिपायला लावले, ते भरले २३. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली आणि म्हणाली, “आई, म्हणजे पुस्तकात हे लिहिणारीने मुद्दाम ठेवलंय?” अर्थातच. कादंबरीत कावळाही लेखिकेचा आणि फांदीही तिचीच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एवढे उमगले, तर त्या पुस्तकाचा याहून चांगला अभ्यास दुसरा कोणता?

याचा अर्थ पुस्तक वाईट आहे असा मुळीच नाही. त्यातल्या मिस हसी या शिक्षिका मुलांना कला म्हणजे काय हे विचारतात, मोठ्या माणसांना विसरता न आलेल्या पत्राबद्दल विचारून यायला सांगतात. उत्तरपत्रिका त्यांच्या हातात नसते. शिवाय चोराने उकरून काढलेली शंका अगदी खरी आहे. व्हर्मीर १६७५ साली वारला तेव्हा मागे ११ मुले आणि कर्ज ठेवून गेला. त्याची दैनंदिनी नाही, पत्रे नाहीत, आणि आज त्याची मानली जाणारी चित्रे जेमतेम ३५-३७ आहेत. १९३७ साली हान व्हान मेगेरेनने रंगवलेले बनावट चित्र रॉटरडॅमच्या संग्रहालयाने व्हर्मीर म्हणून मोठ्या कौतुकाने घेतले, कारण तज्ज्ञांना जे सापडायला हवे होते तेच त्याने त्यांच्यापुढे ठेवले. २०२२ साली वॉशिंग्टनच्या त्याच नॅशनल गॅलरीने आपल्याकडचे ‘गर्ल विथ अ फ्लूट’ व्हर्मीरचे नसल्याचे जाहीर केले, तर पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ते व्हर्मीरचे म्हणूनच प्रदर्शनात मांडले. आणि उदात्त हेतूने चोरी करणारा चोर? तोही होऊन गेला. सप्टेंबर १९७१ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनातून ‘द लव्ह लेटर’ चोरणाऱ्या तरुणाने पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांसाठी २० कोटी बेल्जियन फ्रँक मागितले. पण त्याने ते चित्र चौकटीतून कापून काढल्यामुळे त्याची अतोनात नासधूस झाली. यावर वर्गात तासभर भांडण व्हायला हवे.

पुरावा कसा दिसतो हेही कादंबरीतल्या ‘अ लेडी रायटिंग’ या चित्रात दाखवता येते. लिहिणाऱ्या बाईच्या अंगात पांढऱ्या फरची किनार असलेले पिवळे जाकीट आहे, आणि तसेच जाकीट व्हर्मीरच्या इतर काही चित्रांतही दिसते. हा योगायोग की आणखी काही? व्हर्मीरच्या मृत्यूनंतर १६७६ साली झालेल्या घरातल्या सामानाच्या यादीत पांढऱ्या फरच्या किनारीचे पिवळे सॅटिनचे वस्त्र नोंदलेले आहे. इथे बेडकांच्या पावसाची गरज पडत नाही, कारकुनाच्या नोंदीने काम भागते.

प्रश्नसंचातला शेवटचा प्रश्न होता, ‘तुम्हाला कोणता योगायोग सर्वांत जास्त आवडला?’ मुलीने लिहिले, ‘मला ७ जास्त सापडले.’ वही परत आली तेव्हा त्या ओळीसमोर लाल शाईत एक प्रश्नचिन्ह होते.